गर्जेसरांचं झाकण

गर्जेसरांच्या पिशवीत काय आहे, हे विचारावं लागायचं नाही, नाकालाच कळायचं. तिसगावच्या ज्युनियर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत, मी मराठी. वर्गावर निघताना बाजारातला मासा सोबत हवाच. "दावल्याबिगर शिकवायचं न्हाई," हा त्यांचा बाणा.

ऑपरक्युलम या शब्दावर त्यांचा फार जीव. अर्थ एवढाच, झाकण. पण प्राणिशास्त्रात ते माशाच्या कल्ल्यावरचं, वनस्पतिशास्त्रात निलगिरीच्या कळीची टोपी, आणि शरीरशास्त्रात अर्धवट उगवलेल्या दाढेवर चढलेली हिरडी. मासा बाजारात मिळे, निलगिरी कुंपणालाच होती. माणसाचं तेवढं फळ्यावर काढावं लागे. त्या तासानंतर सर हिरमुसून बसत. "लबाडी केल्यावानी वाटतं, मास्तर," म्हणत.

निवृत्तीच्या वर्षी त्यांचा गाल सुजला. भिंगारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच त्यांना गाडीवर नेलं. बाई हसल्या. "या वयात अक्कलदाढ? वर हिरडीचं झाकण चढलंय. आता गोळ्या देते, सूज उतरली की शनिवारी कापून टाकू."

सरांचा सुजका चेहरा नवरदेवासारखा खुलला. "कापायचं मंगळवारी. सोमवारी माझा याच्यावरच तास हाय. शेवटचा."

"पुन्हा सुजलं तर तोंडसुद्धा उघडणार नाही, सर," बाईंनी बजावलं.

घरी वहिनी कडाडल्या, "आवो, दाढ हाय का जत्रंतलं प्रदर्शन?" पण सर ऐकतील तर शपथ! शनिवार-रविवार मऊ भातावर काढला. रविवारी गाल पुन्हा फुगला, तेव्हा मात्र मलाही धास्ती पडली.

सोमवारी सर खुर्चीत बसले, मोबाईलचा टॉर्च एका पोरीच्या हाती दिला आणि आ केला. जबडा अडला. त्यांनी डोळे मिटून पुन्हा जोर लावला आणि तोंड उघडलं. पोरं रांगेनं येऊन वाकून बघत होती. "सर, दिसलं! लई भारी हाय!" पोरगी ओरडली. तास संपला तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुखतंय का विचारलं, तर "लई" म्हणाले आणि हसले. इतका सुखी मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

मंगळवारी झाकण कापलं. तो चिमूटभर तुकडा सरांनी मागून घेतला आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला.

निरोपसमारंभात आम्ही सगळे जड आवाजात बोललो. शेवटी सर उठले.

"रडताय कशाला? मी रिटायर झालो, पन माझा एक तुकडा अजून ड्यूटीवर हाय."