कोपरा कापलेली कार्डं

माझे वडील पहिल्यांदा वारले तेव्हा ते पुलगावच्या आमच्या किराणा दुकानात बसून शेंगदाणे निवडत होते. प्रकृती उत्तम होती. सकाळी भाकरी खाऊन, एका गिऱ्हाइकाशी गुळाच्या रंगावरून भांडूनही झालं होतं. त्यांना मारलं मी. हेतू मात्र शुद्ध होता. (जगातले बहुतेक अनर्थ शुद्ध हेतूनंच झालेत, हे मी हायस्कुलात इतिहास शिकवत असल्यामुळे खात्रीनं सांगू शकतो.)

झालं असं, की बाबांना त्यांच्या वडिलांची तिथी माहीत नव्हती. आजोबा, म्हणजे सखारामजी, गेले तेव्हा बाबा जेमतेम पाच वर्षांचे. पुढे देवळीकडचं गाव सुटलं, घर पुलगावला आलं, आणि कोण कधी गेलं हे सांगणारी माणसंही एकेक करून गेली. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढायचं, असा रिवाज. तसं ते आम्ही वाढत होतोच. पण नव्वद सालाच्या आसपास बाबांनी सत्तरी गाठली आणि त्यांना ते खटकायला लागलं.

"ज्याचा पत्ता नाई, त्याच्या पंगतीत माहा बाप काऊन बसला पाह्यजे?" ते एका सकाळी म्हणाले. "तू एवढा इतिहासाचा मास्तर. पानिपत कधी झालं ते पोट्ट्याइले सांगतं, अन् तुहा आजा कधी मेला ते नाई सांगता येत तुले? मले एकदा तरी बापाले त्याच्या दिवशी जेवू घालू दे."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज हलला. बाबांचा आवाज तोवर मी फक्त गुळाचे भाव पडल्यावर हललेला ऐकला होता. मला गलबलून आलं आणि मी संशोधनाला लागलो.

सुट्टी काढून वर्ध्याला गेलो. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू टिपून ठेवायचा, ती पुस्तकं एका कचेरीत गठ्ठे बांधून ठेवली होती.

"साल सांगा," बाबू म्हणाला.

"सालच तर शोधून राह्यलो."

"मंग महिना सांगा."

"महिनाही शोधून राह्यलो."

"मंग तुमाले माहीत काय हाय?"

"माणूस मेला एवढं नक्की आहे."

"ते तं याच्यातले सगळेच मेले!" असं म्हणून त्यानं गठ्ठाच माझ्यापुढे आपटला.

पानं पालटून पालटून डोळे आंबले. आडनाव कुणालाच नव्हतं, आणि सखाराम पैशाला पासरी! त्यात प्रत्येक माणूस 'ताप' या एकाच रोगानं गेलेला. (विंचू चावला तरी ताप, बैलगाडीखाली आला तरी ताप!) आमच्या गावची पानं तर वाळवीच्या पोटात गेली होती. तिथून एका जुन्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो. म्हटलं, 'निधन' सदराखाली काही सापडेल. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, "जुने अंक आमी रद्दीत देऊन टाकले. पुलगावचे एक किराणावाले येऊन घेऊन जात."

पुलगावचे एक किराणावाले म्हणजे आम्हीच! साऱ्या तालुक्याचे मृत्युलेख आम्ही जिऱ्या-मोहरीच्या पुड्या बांधून विकून टाकले होते.

मग मला कार्डांची कल्पना सुचली. सगळ्या नातेवाइकांना जोडकार्डं धाडायची. जोडकार्ड म्हणजे अर्ध्यावर आपण लिहायचं आणि अर्धं उत्तरासाठी कोरं. पण अडचण अशी, की दुकानात व्यापाऱ्यांची भाव कळवणारी कार्डं रोज यायची आणि बाबा आलेलं प्रत्येक कार्ड न वाचता तारेत खुपसून ठेवायचे. माझी उत्तरं त्यात हरवली तर? म्हणून मी खूण करायची ठरवली. कात्री घेतली आणि गठ्ठ्यातल्या सगळ्या कार्डांचा एकेक कोपरा कचाकच कापला. दोन्ही भागांचा!

माझी बायको कुसुम दारातून बघत होती. "अहो, कोपरा काऊन कापून राह्यले?"

"ही संशोधनाची पद्धत असते."

"पण कोपरा म्हंजे..."

"कुसुम, चहा टाक बरं."

ती चहा टाकायला गेली. (तिला ते वाक्य पुरं करू दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.) मी माझ्या वळणदार अक्षरात मजकूर लिहिला: 'कळविण्यास अत्यंत खेद होतो की, आमचे वडील श्री. नामदेवराव यांना त्यांच्या वडिलांच्या मृत्यूची तिथी ज्ञात नसल्यामुळे...' वाक्य लांब होतं, पण भारदस्त होतं. एक कार्ड हिंगणीच्या बकुआत्यालाही लिहिलं. ती बाबांची चुलत बहीण, वयानं बरीच मोठी, दोघं एकाच घरात वाढलेली. पण माझ्या लग्नात तिला नेसवलेलं लुगडं विहिणीच्या लुगड्यापेक्षा हलकं निघालं आणि तेव्हापासून जो अबोला धरला तो धरला. तिच्या उत्तराची आशा नव्हती, पण एक कार्ड उरलं होतं.

चौथ्या दिवशी मी शाळेतून आलो, तर दुकानासमोर देवळीचा माझा चुलतभाऊ भाऊराव खाली बसलेला. डोक्याला ओला रुमाल, चेहरा पांढराफटक, आणि बाबा त्याला वर्तमानपत्रानं वारा घालताहेत!

"याले काय झालं रे?" बाबा मला म्हणाले. "दारातून 'काका गेले' म्हणून रडत आला, मी 'काय पाह्यजे?' इचारलं, तं धाडकन पडला."

भाऊरावनं डोळे किलकिले केले. बाबांकडे बघितलं आणि परत मिटून घेतले. "मास्तर," तो म्हणाला, "कोपरा कापलेलं कार्ड आलतं तुमचं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपरा फाडलेलं कार्ड मौतीचं असतं, हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. असं कार्ड घरात न्यायचं नाही. पायरीवर उभं राहूनच वाचायचं, कोण गेलं तेवढं कळलं की फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. माझं वाक्य कितीही भारदस्त असलं, तरी 'खेद होतो की आमचे वडील श्री. नामदेवराव' याच्या पुढे अख्ख्या नातलगांत कुणीही गेलं नव्हतं!

"आता?" मी कुसुमला विचारलं.

"आता चहा टाकते," ती म्हणाली. "लोकं येतील."

आणि लोकं आली! एसटीनं आली, पॅसेंजरनं आली, बैलगाडीनं आली. आर्वीहून माझे मामा आले ते माझं डोकं भादरायला न्हावी ठरवूनच. खरा प्रकार कळल्यावर न्हावी म्हणाला, "आलोच हाय तं कुनाची तरी करून जातो," आणि त्यानं बाबांची दाढी केली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून एक मावशी टोपलंभर झुणका-भाकर घेऊन आली. ती बाबांनीच खाल्ली. वर म्हणाले, "झुणक्यात मीठ कमी हाय. दहाव्याले जरा जास्त टाकजो."

कळस भाऊरावच्या मेव्हण्यानं केला. तो एका छोट्या दैनिकात बातम्या द्यायचा. त्यानं तत्परतेनं 'निधन वार्ता' छापून आणली, फोटोसकट! माझ्या साऱ्या संशोधनात हाती लागलेला पहिला मृत्युलेख तो हाच. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"'अल्पशा आजाराने'? मले काय आजार झालता? अन् 'मनमिळाऊ' काऊन नाई लिहिलं? त्या गल्लीतल्या खडूस मारोतीले लिहिलतं, अन् मले नाई?"

शेवटी येणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून आम्ही बाबांना आतल्या खोलीत बसवलं, पडद्याआड. मी ओट्यावर उभा राहून प्रत्येकाला आधी समजावून सांगायचो आणि मग बाबांना दाखवायचो. हे सुरळीत चाललं होतं. एवढ्यात गल्लीच्या टोकापासून असा टाहो ऐकू आला, की समोरच्या घरातली पोरंसुद्धा रडायला लागली. हिंगणीची बकुआत्या!

मी पुढे धावलो. "आत्या, ऐका, बाबा..." पण आमच्याकडच्या जुन्या बाया मौतीच्या घरी रडतात ते नुसतं रडणं नसतं. मेलेल्याचा सारा जन्म त्या सुरात सांगतात, आणि मध्ये कुणी बोललं तरी थांबत नाहीत. तिनं मला हातानं बाजूला सारलं, ओट्यावर फतकल मारली, डोळे मिटले आणि कपाळ बडवत सुरू झाली.

"अव माय वं! कसा गेला रे नाम्या! मले न सांगता कसा गेला रे! तुहा बाप गेला तवा तू एवढुसा होता रे नाम्या! तान्ह्या पोळ्याचा दिस होता रे! लाकडाचा बैल घेऊन तू बोजारा मांगाले निंघाला होता रे! घरात बाप मेला, अन् तू दारात नवा कुडता घालून उभा होता रे! म्या तुले कडेवर घेतलं, तं तू बैल सोडेना रे नाम्या!"

पडदा हलला. बाबा बाहेर आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाई," ते म्हणाले, "पुन्हा सांग. कोनता दिस होता?"

"तान्हा पोळा होता रे नाम्या!" आत्यानं मिटल्या डोळ्यांनी, त्याच सुरात उत्तर दिलं. मग सूर तुटला. तिनं डोळे उघडले. समोर गुळगुळीत दाढी केलेला नाम्या!

तिनं आधी त्यांच्या एक थोबाडीत ठेवून दिली. "मुडद्या! जिता हायस?" आणि मग त्यांना असं कवटाळलं, की आता मात्र ते खरंच जातात की काय असं मला वाटलं.

बाबा लहान पोरासारखे रडत होते. दर तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरायची तेव्हा, बाबा दुकान बंद करून भिंतीकडे तोंड करून निजायचे. आम्हाला वाटायचं, पोरांचा गलका सोसत नाही. त्यांनाही तेच वाटत होतं. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली.

"पंधरा वर्स बोलली नाईस माह्याशी," बाबा डोळे पुसत म्हणाले.

"अन् तू बोलावलं काय? मेल्याशिवाय बोलावता येत नाई तुले?"

कुसुमनं त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन चांगलं भारी लुगडं आणलं.

पोळा अमावास्येला आणि तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून त्या पितृपक्षात आजोबांचं पान प्रतिपदेला वाढलं. आत्या हिंगणीहून मुद्दाम आली, वडे तिनंच तळले. पानावर तूप वाढून झाल्यावर बाबा बराच वेळ हात जोडून उभे होते. म्हणाले, "आज माहा बाप त्याच्या दिवशी जेवून राह्यला." एवढंच.

बाबा खरोखर गेले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, घरोघरी मोबाइल आल्यावर. पहाटे, झोपेतच. मी भाऊरावला फोन लावला आणि हुंदका आवरत म्हणालो, "भाऊराव, बाबा गेले."

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, पक्कं ना? एकडाव नीट पाहून घ्या."

आणि मी खरंच आत जाऊन पाहून आलो! उंबऱ्यातच मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू कोसळलं. बाबा असते तर म्हणाले असते, याले एक बातमी धड सांगता येत नाई.

आता त्यांची तिथी शोधायला कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागत नाहीत. दर पितृपक्षात मी फक्त विचारतो, "कुसुम, बाबांची तिथी कोणती गं?" ती पोळी लाटता लाटता सांगते, "षष्ठी. आदल्या रात्री मी वाल भिजू घातले होते, ते तसेच राह्यले." मग घराण्याचा इतिहासकार या नात्यानं ही नोंद ताबडतोब वंशावळीच्या वहीत करावी म्हणून मी लगबगीनं उठतो, कपाट उघडतो, टेबल धुंडाळतो आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो.

"अगं, आणि ती वही कुठे ठेवलीय मी?"