सर, तो डाग नव्हता

शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी मोजमापाच्या खोलीत काम करते. मशीनवरून उतरलेला पार्ट आमच्या टेबलावर येतो, मी मायक्रोमीटर लावते आणि सांगते, पास की रिजेक्ट. डिप्लोमानंतर शिकणं थांबलं. वरवंडहून येऊन इथं खोली केली, त्याला आता नऊ वर्षं झाली. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मुली मोबाईलवर रील बघतात, मी आकाशाचे फोटो बघते. मोठमोठ्या दुर्बिणी सगळं आकाश टिपत असतात आणि त्यातले बरेच फोटो कुणालाही उघडून बघता येतात, हे मला पुण्यातल्या एका शिबिरात कळलं होतं.

मला ओढ नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांची. अशा ताऱ्याभोवती वायूची आणि धुळीची चपटी चकती फिरत असते. तिच्यातला माल हळूहळू ताऱ्यावर पडत राहतो, उरलेल्या धुळीतून पुढं ग्रह होतात. पण कधी कधी चकतीत माल तुंबतो आणि एकदम आत कोसळतो. मग चकतीचा आतला भाग असा तापतो, की ताऱ्यापेक्षा तोच जास्त झळकतो. हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी गिरणीत वरच्या पेटीत ज्वारी अडकती आन् मग धबकन पडती, तसंच की." याहून सोपं मला अजूनही सांगता येत नाही.

तर असा एक मंद तारा मी वर्षभर बघत होते. एका दुपारी त्याच्या उजेडाचा आलेख वर चढलेला दिसला. पुढच्या आठवड्यात आणखी वर. ज्यांनी ते शिबिर घेतलं होतं, त्या सरांना मी मेल केली. उत्तर आलं: "कॅमेऱ्यावरचा डाग असावा. या कामाला प्रशिक्षण लागतं."

डोकंच फिरलं. मोजमापाचं प्रशिक्षण? माझा दिवस दुसऱ्या कशात जातो?

पार्टचं माप चुकीचं आलं, की आम्ही आधी गेजवर, म्हणजे मोजायच्या साधनावरच, संशय घेतो. ज्याचं माप पक्कं माहीत आहे असा मास्टर पीस लावून बघतो. तो बरोबर आला, तर गेज ठीक, पार्टच बदललाय. मी त्याच फोटोंमधले शेजारचे बारा तारे मोजायला घेतले. पंधरा दिवस जेवणाची सुट्टी त्यातच गेली. बाराही ताऱ्यांचा उजेड होता तेवढाच होता. शिवाय माझा तारा दर फोटोत कॅमेऱ्याच्या वेगळ्या जागी पडत होता. डाग काय ताऱ्याच्या मागं मागं फिरणार?

रजा टाकली, प्रिंट काढले आणि पुणं गाठलं.

"तुमचं शिक्षण?" सरांनी विचारलं.

"मेकॅनिकल डिप्लोमा."

"छंद चांगला आहे. पण शोध वगैरे म्हणजे..."

"छंदाचं राहू द्या सर. हे बारा तारे बघा. गेज बिघडलं असतं तर हेही चढले असते."

"ठेवून जा. सवडीनं बघतो."

"ठेवून नाही जाणार. तुमची सवड होईपर्यंत बसते."

मी बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी कागद ओढले. एकेक पान उलटत गेले. मान वर न करता म्हणाले, "हा सातवा पुन्हा मोजलात?"

"तीनदा."

त्यांनी माझ्यासमोरच एका मोठ्या दुर्बिणीवरच्या ओळखीच्या माणसाला मेल केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्या उजेडात, भडकलेल्या चकतीत दिसतात तशा, कार्बन मोनॉक्साइडच्या आणि पाण्याच्या वाफेच्या खुणा होत्या. उजेड ताऱ्याचा कमी आणि चकतीचाच जास्त होता. भडका खरा होता.

सरांनी जगभरच्या अभ्यासकांसाठी निवेदन लिहिलं आणि मला वाचायला पाठवलं. त्यात होतं, 'एका हौशी निरीक्षकाने लक्ष वेधले.' मी लगेच फोन लावला.

"सर, माझं नाव कुठाय?"

"असं लिहायची पद्धत असते, मॅडम."

"तुमचं नाव आहे त्यात?"

"आहे."

"मग नाव लिहायचीही पद्धत आहे की. आणि ते हौशी काढा. मी मोजलंय."

मग ते म्हणाले, "नावापुढं संस्था लागते. तुमची काय लिहू?"

"वरवंड, तालुका दौंड."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. स्पेलिंग विचारून घेतलं.

छापील निवेदन मी गावी जाऊन आईला दाखवलं. तिनं इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं. "गाव कुठं लिवलंय?" मी दाखवलं. "बरं केलं," म्हणाली आणि कांदे निवडायला बसली.

सरांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. त्यांच्या मते हा छोटा भडका आहे, वर्षभरात विझेल. मला वाटतं, चकतीत अजून पुष्कळ माल आहे, आमच्या दोघांच्या हयातीतही तो संपायचा नाही. परवा ते म्हणाले, "फार खात्री आहे तुम्हाला."

"खात्री कसली सर," मी म्हटलं, "मोजत राहू. तुम्ही चुकलात, तर ती चूकही तुमच्या नावानं लिहा."