आईचं इंग्रजी

"तुझी आई बोलते तसं बोल."

पबच्या मागच्या खोलीत टेरी मला हे म्हणाला. कॉव्हेंट्रीतला पब, दुपारची वेळ, शिळ्या बिअरचा वास. मी एकोणीस वर्षांची. नुकतीच तीन गाणी म्हणून दाखवली होती. ब्लूजची. गिटार मीच वाजवली होती. टेरी मिडलँड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या, पबांमध्ये आणि क्लबांमध्ये गाणाऱ्यांचे कार्यक्रम लावायचा. त्याने ऐकलं, सिगारेट विझवली.

"आवाज बरा आहे. पण इंडियन मुलीचं ब्लूज ऐकायला कोण येणार? बघायला येतील. साडी नेस. आणि गाण्यांच्या मध्ये बोल. असं नको, अशी तर माझी बहीण बोलते. तुझी आई बोलते तसं बोल."

माझ्या आईला तो कधी भेटलाही नव्हता. आदल्या दिवशी त्याने घरी फोन केला, तो आईने उचलला, एवढीच ओळख. त्याने मान डोलावत तिची नक्कल केली.

"शी टेकिंग बाथ. यू फोन आफ्टर. प्लीज. थँक यू. प्लीज."

बारमन पोट धरून हसला.

मी पण हसले. हे लिहायलाच हवं. नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल.

बाबा फाउंड्रीत कामाला होते. मी बारा वर्षांची असताना गेले. आई हॉस्पिटलच्या किचनमध्ये लागली. तिला इंग्रजी कुणी शिकवलं नाही. ताटं विसळताना, वॉर्डात जेवणाची ट्रॉली ढकलताना तिने एकेक शब्द जमवला. प्लीज आणि थँक यू ती जास्तीच वापरायची. कमी पडलं की नर्सेस तोंड वाकडं करायच्या. त्याच हॉस्पिटलमध्ये दोन मराठी डॉक्टर होते. ते तिच्याशी इंग्रजीतच बोलायचे.

मी कॉव्हेंट्रीतच जन्मले. तेव्हा लायब्ररीतून पुस्तकांसारख्या रेकॉर्डही घरी नेता यायच्या. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लूजच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून मी गिटार शिकले. बोटांना घट्टे पडले. का आवडलं ते गाणं? त्यातली माणसं रडायची, शिव्या द्यायची, पण कुणापुढे प्लीज म्हणत नव्हती.

आणि मी ते गाणं गायला स्टेजवर गेले ती आईच्या तोंडचं प्लीज विकत.

दोन वर्षं. साडी, टिकली, हलणारी मान. गाणं संपलं की मी म्हणायचे, "शी टेकिंग बाथ. यू फोन आफ्टर." अख्खी खोली हसून फुटायची. गाण्याला इतक्या टाळ्या कधीच पडल्या नाहीत. साडी आई स्वतः इस्त्री करून द्यायची. तिला वाटायचं, पोरगी गोऱ्यांसमोर साडी नेसून गाते. किचनमध्ये सगळ्यांना सांगायची.

मी तिला कार्यक्रमाला कधी येऊ दिलं नाही. लांब आहे, सिगारेटचा धूर असतो, असं काहीबाही सांगायचे. पण एका रविवारी दुपारी आमच्याच गावातल्या क्लबमध्ये कार्यक्रम होता. तिला पोस्टर दिसलं. शिफ्ट संपवून ती तशीच आली.

मला ती दिसली तेव्हा मी माइकपाशी होते. दाराजवळ उभी, कामाच्या कपड्यांवर कोट. मला थांबता आलं असतं. तोंड थांबलं नाही.

"शी टेकिंग बाथ..."

सगळे हसले. आईने आजूबाजूला पाहिलं. मग तीही हसली.

घरी परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. आमचा स्टॉप जवळ आला तेव्हा म्हणाली, "मी अशी बोलते का गं?"

"नाही गं आई."

"मग कोण बोलतं तसं?"

एरवी बसमधून उतरताना ती ड्रायव्हरला थँक यू म्हणायची. त्या दिवशी मुकाट्याने उतरली. त्यानंतर तिने घरातला फोन उचलणं बंद केलं. ती शेजारी बसलेली असली तरी फोन वाजत राहायचा.

त्याच आठवड्यात मी लायब्ररीत गेले. ब्लूजवरचं एक पुस्तक हाताला लागलं. त्यात एक जुनं चित्र होतं. तोंडाला काळं फासलेले गोरे लोक, मोठाले ओठ रंगवलेले, स्टेजवर काळ्यांच्या बोलण्याची नक्कल करताहेत. समोर हसणारी गर्दी. ज्यांची गाणी मी गात होते त्यांच्या आजी-आजोबांची ती नक्कल होती. तसलेच काळं फासलेले लोक मी लहानपणी इथल्या टीव्हीवर पाहिले होते. आम्ही घरात बसून हसलो होतो.

मी ते पान बघत बसले. मला तर रंगही लागला नव्हता. गोऱ्याने सांगितलं आणि मी आपल्या तोंडाने आपल्या आईची चेष्टा केली.

पुढचा कार्यक्रम मँचेस्टरला होता. मोठा क्लब. टेरीने रेकॉर्ड कंपनीचा माणूस बोलावला होता. मी जीन्स घालून स्टेजवर गेले. टेरी बाजूला उभा राहून हातवारे करत होता. पहिलं गाणं झालं. मी काहीच बोलले नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "डू द व्हॉइस!" तो आवाज काढ. मग चारी बाजूंनी तेच.

मी माझ्या नेहमीच्या, कॉव्हेंट्रीच्या इंग्रजीत बोलले.

"तो आवाज माझ्या आईचा आहे. तुम्ही आजारी पडता तेव्हा ती तुमची ताटं धुते. तिचा आवाज मी दोन वर्षं विकला. आता विकणार नाही. गाणं ऐकायचं तर ऐका."

बिअरचा ग्लास अंगावर आला. खांदा भिजला, गिटार भिजली. मी दुसरं गाणं सुरू केलं. माइक बंद झाला. टेरीनेच केला. मी तशीच गात राहिले. अर्धी माणसं बारकडे वळली. कंपनीचा माणूस कोट घालून निघून गेला. गाणं मी शेवटपर्यंत म्हटलं. टाळी एकही पडली नाही.

कार पार्कमध्ये टेरीने मला गाठलं.

"तुला आता कुणी उभं करणार नाही. साडी सोडली तर तू आहेस कोण?"

"तुला विचारलं नाही," मी म्हणाले.

त्याने शब्द पाळला. बरीच वर्षं मिडलँड्समध्ये मला कुणी बोलावलं नाही. कौन्सिलच्या ऑफिसात टायपिंग केलं.

आईला मी सगळं सांगितलं. माफी मागितली. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी पण हसले ना तेव्हा. वाटलं, आपण नाही हसलो तर तुझं वाईट दिसेल." एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

एकोणीसशे नव्वदनंतर एका फेस्टिव्हलची बाई भेटली. फार गोड बोलणारी. "तुमच्या रूट्सचं काहीतरी करा ना. ब्लूज आहेच, सोबत सतार घ्या." टेरीला साडी हवी होती, हिला सतार. मी म्हटलं, मला सतार येत नाही, माझ्या घरात कुणालाच येत नव्हती. तिचं पत्र पुन्हा आलं नाही.

आता मिळेल तिथे गाते. लहान खोल्या, वीस-पंचवीस माणसं. गाणं माझ्या लोकांचं नाही हे मला ठाऊक आहे. ज्यांचं आहे त्यांची नावं आधी घेते. त्यापलीकडे एक शब्द बोलत नाही. लोक म्हणतात, बाई उर्मट आहे, स्टेजवर कधी हसत नाही.

नाही हसत. या देशात जोवर कुणाच्याही आईच्या बोलण्यावर एक जरी खोली हसत असेल, तोवर मी हसणार नाही. कुणाला हसवणारही नाही. गाईन. ज्याला सोसत नाही त्याने उठून जावं.