शकूरभाईचा झगझगीत दिवा

जळगाव जामोदच्या शकूरभाईनं दुरुस्त केलेली विहिरीवरच्या मोटारीची पेटी लांबूनच ओळखू यायची. तिच्यावरचा, लाईन म्हणजे वीज आली की लागणारा निऑनचा बारका लाल दिवा भर उन्हात बांधावरून दिसायचा. लोक म्हणत, "दिवा बसवावा तर शकूरभाईनंच!" की हा गडी फुगलाच.

त्यात कसली आलीय करामत! निऑनच्या दिव्याआधी रेझिस्टर जोडतात, तो करंटला आवर घालतो. शकूरभाई मुद्दाम कमी ओमचा जोडायचा. दिवा झगझगायचा खरा, पण काच आतून लवकर काळी पडायची, अन् मग लाईन असली तरी उजेड दिसायचा नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कौतुकाची चटक फार वाईट हो!

उन्हाळ्यात गोकुळ नावाच्या शेतकऱ्यानं दिवा विझलेला पाहिला, लाईन गेली समजून पेटीत हात घातला, अन् शॉक बसला. जीव वाचला, दोन बोटं वाकडी झाली. पेटी दुरुस्तीला आली ती शकूरभाईकडेच. काळा दिवा पाहून त्याला सगळं कळलं. त्यानं गुपचूप नवा बसवला अन् जुना गल्ल्यात दडवला. गोकुळ मात्र गावभर सांगत सुटला, "शकूरभाईचा दिवा कसा फसंन? माहीच नजर चुकली."

दिवाळीच्या तोंडावर गोकुळची बायको राखी दुकानात आली. "डॉक्टर म्हंते डोळे चांगले आहेत. तरी हे मोटारीजवळ जात नाईत, भाऊ. म्हंतात, मी आंधळा झालो."

त्या दिवशी शकूरभाईनं गल्ल्यातला काळा दिवा काढून खिशात टाकला. त्याला लाज वाटली, स्वतःची किळस आली. सकाळीच तो गोकुळच्या मळ्यात गेला, योग्य रेझिस्टर जोडला. दिवा मंद लागला. मग खिशातून काळा दिवा काढून त्यानं गोकुळपुढं धरला.

"हा तुमच्या पेटीतला. हा खरंच दिसत नव्हता. तुमची नजर नाई चुकली, माही नियत चुकली."

गोकुळनं वाकड्या बोटांत दिवा धरून निरखला. "ऐकलं का वं, राखी! मी बराबर पाह्यलं होतं!" तो हसला, डोळे पुसले, स्वतः जाऊन बटण दाबलं. मोटार सुरू झाली. मग तो वळला.

"पण शकूरभाई, उन्हाळ्यापासून मी सोताले आंधळा समजून राह्यलो. तुमाले ठाऊक होतं, तं काऊन गप्प बसले?"

 पाटाचं पाणी शकूरभाईच्या चपलांपर्यंत आलं, तरी तो तिथंच उभा होता.