अठरापट हरीण

बंदुकीच्या दुकानात जाऊन मी विक्रेत्याला सांगितलं की मला स्टॉकिंगसाठी रायफल हवी आहे.

साताऱ्याला शाळेत असताना वाचनालयातल्या साहेबी शिकारकथांची मी पारायणं केली होती. त्यात स्टॉकिंग म्हणजे वाऱ्याची दिशा बघून, पोटावर सरपटत हरणाचा माग काढणं. हा शब्द इंग्लंडातून साताऱ्याला धडधाकट पोचला होता, पण अमेरिकेत त्याची संगत बिघडली होती. तिथे शिकारीला सरळ हंटिंग म्हणतात. स्टॉकिंग म्हणजे एखाद्या बाईच्या मागावर राहणं, तिच्या घराबाहेर घिरट्या घालणं. त्या सुमाराला, म्हणजे चौऱ्याण्णव साली, या प्रकाराविरुद्धच्या नव्या कायद्यांची चर्चा टीव्हीवर रोज चालू असायची. मी टीव्हीवर फक्त हवामान बघत असे.

विक्रेता पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, "कुणाच्या मागावर?"

"ठरावीक कुणी नाही," मी मोकळेपणानं म्हटलं. "पहिलीच वेळ आहे माझी. नर मिळाला तर उत्तम, पण मादीही चालेल."

त्याचा उजवा हात काउंटरखाली गेला. तिथे टेलिफोन होता की आणखी काही, हे मला आजही माहीत नाही. तेवढ्यात ट्रक उभा करून वेन आत आला आणि हरीण, हरीण म्हणायचंय त्याला, असं म्हणत त्यानं मला वाचवलं.

वेन माझा ऑफिसातला सहकारी. शेजारच्या टेबलावर चार वर्षं बसूनही आमचं बोलणं कोडच्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं. त्या वर्षी त्याचे वडील वारले. डोंगरातल्या त्यांच्या जमिनीवर थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या) सुट्टीत दरवर्षी बापलेक दोघंच शिकारीला जात. यंदा एकट्यानं जायला नको वाटतं, असं तो एकदा कॉफी ओतताना म्हणाला, आणि मी लगेच म्हणालो की मी येतो. शिकारीचा परवाना, त्याआधीचा सुरक्षिततेचा वर्ग, हे सगळं मी हौसेनं उरकलं. इथवर ठीक होतं. पण त्यानंतर दिवाळीच्या फराळाला मॉरिसव्हिलची सगळी मराठी घरं आमच्याकडे जमली असताना, चकलीच्या भरात, मी जाहीर करून टाकलं की थँक्सगिव्हिंगच्या पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सगळ्यांनी जेवायला यायचं, मी स्वतः मारलेलं हरीण खायला.

"स्वतः?" माझी बायको माधुरी म्हणाली. "घरात झुरळ निघालं तर खुर्चीवर चढतोस तू."

नागपूरचे खोब्रागडे काका मात्र गंभीर झाले. काका औषधांच्या कंपनीत केमिस्ट, आणि त्यांच्या हातचं सावजी मटण खायला लोक दोन-दोन तास गाडी चालवत येत. ते म्हणाले, "मसाला माझा. मी मंगळवारीच भाजून ठेवतो. पण बाबू, हरीण आणजो बरं, नाहीतर मसाला वाया जाईन." बारा घरं, चौतीस माणसं आणि एक मसाला माझ्या नेमावर अवलंबून राहिला.

तर रायफल. मला मॅग्नम हवी होती, कारण नाव भारदस्त होतं. विक्रेत्यानं ती माझ्या हातात दिली, मी ती खांद्याला लावली, आणि त्यानं विचारलं की हत्ती कुठे दिसलाय. मग त्यानं भिंतीवरून तीनशे आठ मापाच्या गोळीची एक साधी, अक्रोडाच्या दस्त्याची, बोल्टची रायफल उतरवली. डोळे मिटून खांद्याला लावा, म्हणाला, मग उघडा. उघडले तर नळी बरोबर माझ्या नजरेच्या रेषेत होती. बंदूक अंगाला बसली पाहिजे, चपलेसारखी, असं तो म्हणाला. हे मला पटलं. आयुष्यात शहाण्या माणसाचं मी ऐकल्याचे जे दोन-तीन प्रसंग आहेत, त्यातला हा एक.

स्कोप (रायफलवर बसवायची दुर्बीण) घेताना मात्र मी ऐकलं नाही. त्यानं चारपट मोठं दाखवणारा एक छोटा, काळा, गरीब दिसणारा स्कोप पुढे केला. डोंगरातल्या झाडीत साठ पावलांपलीकडे काही दिसतच नाही, एवढा पुरे, असं त्याचं म्हणणं. शेजारीच सहापासून अठरापट मोठं दाखवणारा, पेल्याएवढ्या काचेचा एक स्कोप सेलमध्ये होता. आता तुम्हीच सांगा, थोड्याशा फरकात चौपटीच्या जागी अठरापट मिळत असताना चौपट घेणारा मराठी माणूस तुम्ही पाहिलाय का? तो रायफलवर बसवल्यावर म्हशीच्या पाठीवर म्हैस बसल्यासारखं दिसू लागलं. फॉर्म भरताना, डोक्यावर कधी उपचार झाले आहेत का, हा प्रश्न विक्रेत्यानं मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला.

बुधवारी दुपारी आम्ही वेनच्या पिकअपमधून निघालो. पहिले दोन तास नॉर्थ कॅरोलायना सपाट असतं, मग रस्ता हळूच मान वर करतो. पानं गळून गेलेली होती. डोंगर उघडे, राखाडी, उंट बसल्यासारखे एकामागे एक. अ‍ॅशव्हिलच्या पुढे डांबर संपलं आणि आम्ही एका होलरमध्ये शिरलो (होलर म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ, तिच्या टोकाला एकच घर असतं आणि त्या घरातल्या कुत्र्याला तुम्ही येणार हे तुमच्याआधी कळतं). घराच्या ओसरीवर वेनची आई उभी होती. वय पंच्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी. या भागात थोर बाईला पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, मग तिला नातवंडं असली तरी. आपलं मावशीच म्हणायचं, पण जरा इस्त्री केलेलं. तिचं नाव मिस लोरीन. माझं मुकुंद हे नाव तिनं एकदा तोंडात घोळवून पाहिलं आणि अर्धं परत केलं. पुढचे चार दिवस मी मुक होतो.

सकाळी नाश्त्याला बिस्किटं होती. ही चहात बुडवायची नव्हेत, मऊ, गरम, पुरीएवढे, जाड पाव असतात, आणि त्यावर पांढरा, मिरी घातलेला रस्सा. सोबत ग्रिट्स (मक्याच्या कण्या शिजवून केलेली पेज). कण्या बघून मला भडभडून आलं. मी पिशवीतून माधुरीनं दिलेलं लिंबाचं लोणचं काढलं. मिस लोरीननं बोटावर थोडं घेऊन चाखलं, एक डोळा मिटला, आणि बरणी स्वतःच्या बाजूला सरकवली.

मग तिनं नियम सांगितला. शंभर पावलांवर कागदी ताटली, बसून तीन गोळ्या, तिन्ही ताटलीत. त्याशिवाय तिच्या रानात कुणी बंदूक घेऊन जायचं नाही. "जखमी हरीण मागे सोडणारा माणूस मी या घरात जेवू घालत नाही," ती म्हणाली. तिचा नवराही लग्नाआधी या ताटलीतून गेला होता म्हणे.

मी घराच्या मागच्या कुरणात बसलो. स्कोप फिरवून अठरावर नेला. ताटली ढालीएवढी दिसू लागली, तिच्यावरची कडेची नक्षीसुद्धा. आणखी नीट दिसावं म्हणून डोळा काचेला भिडवला आणि चाप ओढला. बंदूक मागे येते हे मला पुस्तकातून माहीत होतं. स्कोपची कडा बरोबर दोन भुवयांच्या मध्ये बसली. वेननं धावत येऊन पाहिलं तर कपाळावर रक्ताची रेखीव चंद्रकोर उमटली होती. आमच्याकडे ही बायका मुद्दाम काढतात, असं मी त्याला सांगितलं. त्यानं बंदूक काढून घ्यायला हात पुढे केला.

पुढचा गोंधळ माझ्या शिक्षणानं घातला. गोळी ताटलीच्या डावीकडे, खाली लागली होती. स्कोपवर दोन चकत्या असतात, त्यावर बाण कोरलेले असतात, आणि बाण दाखवेल तिकडे गोळी सरकते. इतकं सोपं. पण मी इंजिनिअर. बाण काचेतल्या नेमाच्या फुलीसाठी आहेत, म्हणजे गोळी उलट जाणार, असं गणित मी कागदावर आकृती काढून वेनला समजावलं. तो सभ्य माणूस, मान डोलावत राहिला. दुसरी गोळी आणखी डावीकडे गेली. तिसरी कुठे गेली ते फक्त डोंगराला ठाऊक. जेवणानंतर पुन्हा बसलो. उन्हं डोंगरामागे चालली होती, माझं कपाळ ठणकत होतं, आणि मनासमोर भाजलेला सावजी मसाला दिसत होता. मिस लोरीन टर्कीचं काम सोडून, एप्रनला हात पुसत आली. माझी आकृती बघितली, घडी करून खिशात घातली, दोन्ही चकत्या माझ्या गणिताच्या बरोबर उलट फिरवल्या आणि म्हणाली, "आता विचार करू नकोस."

मी विचार केला नाही. तीन गोळ्या, तिन्ही ताटलीत. एक अगदी काठावर होती. तिनं ती बोटानं चाचपली आणि मोजली.

रात्री टर्कीच्या जेवणात वेननं वडिलांची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी तिच्यात बसलो आणि ताट पुढे केलं.

शुक्रवारी पहाटे वेनच्या वडिलांचं मचाण मला मिळालं. तिकडे त्याला स्टँड म्हणतात, एका ओकच्या झाडावर बसवलेली फळी. मला खरं तर सरपटत जायचं होतं. मिस लोरीननं परवानगी दिली, जा म्हणाली. वाळलेल्या ओकच्या पानांवर मी पाच पावलं टाकली. घरात कुणी पापडांच्या पाटीवर बसलं तर जसा आवाज होईल, तसा झाला. शेजारच्या होलरमधलं कुत्रंसुद्धा भुंकलं. मी मुकाट झाडावर चढलो.

आणि सांगतो, ती सकाळ मला कुणी फुकट दिली तरी मी जन्मभर फेडत राहीन. आधी झाडांची खोडं काळी होती, मग निळी, मग एकेक करून खरी झाली. खाली ओढ्याचा आवाज. एक खार माझ्या बुटावर येऊन, मला निरुपयोगी ठरवून गेली. थंडीनं बोटं गेली होती, पण हलावंसं वाटत नव्हतं. आणि चाळीस पावलांवर हरीण उभं होतं. आलं कधी, कळलंच नाही. नर, दोन-दोन फाट्यांची शिंगं, नाकातून वाफ.

मी रायफल उचलली, डोळा यावेळी शहाण्यासारखा लांब ठेवला, आणि स्कोपमधून पाहिलं.

केस.

नुसते केस. तपकिरी, दाट, टोकाला करडे. हरीण कुठेच नव्हतं, होते ते केसच. स्कोप काल ताटलीसाठी अठरावर नेला होता तो तिथेच राहिला होता. काचेवरून पाहिलं तर पूर्ण हरीण, काचेतून पाहिलं तर गालिच्याचं दुकान. हे केस खांद्याचे की पोटाचे की मागचे, काही कळेना. मी डावीकडे सरकलो, केस. उजवीकडे, आणखी केस. एकदा एक डोळा आला, काळा, ओला, माझ्याकडेच बघणारा, आणि गेला. चाप ओढला असता तर कुठेतरी लागलंच असतं, चाळीस पावलांवर चुकणार काय? चौतीस माणसांचं जेवण समोर उभं होतं. पण कुठेतरी म्हणजे कुठे? मिस लोरीनचा नियम आठवला. बोट काढून घेतलं. पांढरी शेपटी वर करून ते टेकडीपलीकडे गेलं, तेव्हा मात्र स्कोपमध्ये फार सुरेख दिसलं.

परत येऊन मी सगळं खरं सांगितलं. वेन इतका हसला की त्याला ओसरीचा खांब धरावा लागला. वडील गेल्यापासून तो असा हसला नव्हता, हे मला नंतर कळलं. मिस लोरीन हसली नाही. तिनं माझ्या ताटात आणखी एक बिस्किट वाढलं.

शनिवारी वेननं हरीण मारलं, एका गोळीत. ते ओढून आणताना मागचे पाय मी धरले, सोलताना कंदील मी धरला, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस लोरीन मांस कापून पांढऱ्या कागदात गुंडाळत होती तेव्हा मी अंगणात बर्फाची पेटी धूत होतो. ओढणारा हात अर्ध्याचा धनी, असं म्हणून तिनं माझी पेटी भरून दिली. रविवारी निघताना तिनं माझ्या कपाळावरची चंद्रकोर अंगठ्यानं चाचपली, खपली चांगली धरलीय म्हणाली, आणि लोणच्याची बरणी परत द्यायला विसरली.

परतीच्या वाटेवर डोंगर पुन्हा बसते झाले. मी चार तास एकच विचार करत होतो. खोटं मी बोलणार नव्हतोच. फक्त कुणी विचारलं नाही तर आपणहून सांगायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. अमेरिकेत आठ वर्षं राहून मी ज्या घरात खरंच पाहुणा झालो, ते पहिलं घर एका घळीच्या टोकाला निघालं, आणि तिथे शिरायला कागदाची एक ताटली पुरली. बंदूक मी पुढे वापरली, चौपट स्कोप लावून. पण त्या गाडीत बसून मला वाटत होतं ते असं, की आपण काही मारलं नाही हे बरंच झालं, फक्त शनिवारपर्यंत हे कुणाला कळू नये.

पुढच्या शनिवारी चौतीसच्या चौतीस माणसं आली. मसाल्याचा वास पार्किंगपर्यंत गेला होता. मी कपाळावरची खूण सगळ्यांना दाखवत, झटापटीबद्दल मोघम बोलत, दिवाणखान्यात उभा होतो. खोब्रागडे काकांनी पातेलं तापवलं, पेटीतून पहिलं पुडकं काढलं, वरचं दव हातानं पुसलं आणि थांबले. तिकडे पुडक्यावर कुठला भाग आणि कुणी मारलं ते लिहायची पद्धत असते, हे मला तेव्हा समजलं. काकांनी चष्मा वर केला आणि मिस लोरीनचं ठळक, गोल अक्षर सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत वाचलं:

"मागची मांडी. मारलं वेननं. मुकनं केस मोजले."