खुंटीवरचा चष्मा

माझ्या अक्षराला हसू नका. चौथीपर्यंतच शाळा झाली, त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. शुद्धलेखनाच्या चुका असतील, ओळी वर-खाली गेल्या असतील, माफ करा.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं बोलते. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, म्हणूनच कदाचित जमेल.

कुठून सुरू करू? साबणापासूनच करते.

शिरपूरजवळच्या आमच्या गावात बायकांचा बचत गट आहे. आम्ही साबण करतो. खोबरेल, एरंडेल, थोडं कडुनिंबाचं तेल आणि कॉस्टिक सोडा. शिरपूरच्या जैन मंदिराबाहेर एक शेटजी आहेत, ते आमचा साबण यात्रेकरूंना विकायला ठेवतात. दर वेळी वडी नाकाशी धरून विचारतात, "चरबी नाही ना हो बाई यात?" आमच्या गटाच्या अध्यक्ष वत्सलाकाकू दर वेळी तेच उत्तर देतात, "शेटजी, चरबी आमच्याच आंगावर नाई, साबनात कुठून येईन?" सगळ्या हसतात. मीही हसते, पदर तोंडाला लावून. मी चारचौघांत फार बोलत नाही. लहानपणापासून अशीच आहे. माणसं मला गरीब गाय म्हणतात.

हे लक्षात ठेवा. गरीब गाय.

साबण करायला शिकवायला वाशीमहून एक ताई आल्या होत्या. त्यांनी पहिला दिवस नुसता सोड्यावर घालवला. तो पांढऱ्या पापुद्र्यांसारखा दिसतो, साखरेहून निरागस. पण पाण्यात पडला की विस्तव न लावता पाणी उकळायला लागतं, वाफ नाकात घुसते. ताई म्हणाल्या, जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या भांड्यात कालवायचा नाही, भांडं खाऊन टाकतो. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात सोडा चमच्या-चमच्यानं सोडायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, अंगावर उडतो. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पायात बूट, आणि डोळ्यांवर चारी बाजूंनी बंद असलेला चष्मा. कातडी भाजली तर भरून येते, म्हणाल्या, डोळा नाही येत. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पहिल्या ओळीत बसले होते.

चष्मे आणि मोजे घ्यायला गटानं पैसे काढले. एकेकीला एक चष्मा, असं ठरलं. आणायचे कोणी? माझं माहेर मानोऱ्याला, भाचीच्या लग्नाला मी जाणारच होते. वत्सलाकाकूंनी पैसे माझ्याच हातात दिले. "इच्या हातात पैसा म्हंजे देवाच्या पेटीत," असं म्हणाल्या.

मी दोन चष्मे घेतले. दोनच. मोजे घेतले ते भांडी घासायचे, पातळ. उरलेल्या पैशांची साडी घेतली.

हो, साडी. डाळिंबी रंगाची, जरीच्या काठाची. घरात कोणी आजारी नव्हतं, फी भरायची नव्हती, कोणाचं देणं नव्हतं. मागच्या दोन लग्नांत नेसलेली साडी तिसऱ्यांदा नेसायची लाज वाटली, एवढंच. दुकानात तो रंग खांद्यावर टाकून आरशात बघितलं आणि मला मी आवडले. असं फार वेळा होत नाही.

गावात येऊन सांगितलं, दुकानात दोनच चष्मे होते, बाकीच्यांचे पैसे देऊन आले आहे, मागवून ठेवतो म्हणाला. कोणी उलट विचारलं नाही. जिच्या तोंडातून शब्द निघत नाही ती खोटा शब्द कशाला काढेल? तेव्हा मला कळलं — आणि कळल्यावर बरं वाटलं, हेही लिहून टाकते — की माझं गप्प राहणं लोकांना खरेपणा वाटतं.

आता मंगलाबद्दल सांगायला हवं. इथवर येऊन पेन दोनदा खाली ठेवलं.

मंगला माझी धाकटी जाऊ. माझ्या अगदी उलट. नळावर गेली तर घागर भरायच्या आधी चार जणींची थट्टा करून यायची. माझ्या धाकट्या दिराला, तिच्या नवऱ्याला, तिची बडबड खपायची नाही, मला खपायची. माझ्या वाटचं तीच बोलायची. ती साडी बघून म्हणाली होती, "लय साजरी हाये वो बाई! कोनं घेतली?" मी म्हटलं, भावानं. "असा भाऊ मले काहून नाई देल्ला देवानं!" म्हणून ती पदर चाचपत बसली.

शिकवणाऱ्या ताई आल्या तेव्हा मंगलाचं बाळ अंगावर पीत होतं, म्हणून ती आली नव्हती. पुढे गटात आली, पण साबण कापणं, कागद गुंडाळणं, एवढंच तिच्याकडे. सोड्याजवळ तिचं काम नव्हतं. सोडा मी आणि वत्सलाकाकूंची सून कालवायचो. चष्मे दोन, आम्ही दोघी. चाललं होतं. मग एका चष्म्याचं मागचं इलॅस्टिक तुटलं. बाकीचे चष्मे कधी येणार, असं सुनेनं विचारलं. येतील, म्हटलं. तो तुटका चष्मा आमच्या साबणाच्या शेडच्या कोपऱ्यात साच्यांच्या ढिगात पडून राहिला, आणि एकच चष्मा आम्ही पाळीपाळीनं लावू लागलो.

त्या दिवशी सून माहेरी गेली होती. शेटजींना माल हवा होता. मी मंगलाला हाक मारली. मीच मारली. शेडमध्ये आम्ही दोघीच होतो.

चष्मा एक होता, आणि तो माझ्या डोळ्यांवर होता.

सोडा मोजून मी स्टीलच्या उंच पातेल्यात ठेवला आणि तेल मोजायला वजनकाट्याकडे वळले. पाणी वेगळ्या भांड्यात घ्यायचं, मग त्यात हा सोडा सोडायचा, हे मला माहीत होतं. तिला मी सांगितलं होतं का? नाही. वाटलं, मीच तर करणार आहे. तिनं पातेल्यात पांढरे कोरडे पापुद्रे बघितले. आमच्याकडे पोळ्याच्या आधी, दिवाळीच्या आधी घर पोतायचं असलं की बायका चुना भिजवतात. चुन्याचे खडे गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, टाकायचे आणि वरून पाणी ओतायचं. तो फसफसतो, बायका मागे सरतात, हसतात. मंगलानं आयुष्यभर तेच केलेलं. माझा वेळ वाचवायला तिनं लोटाभर पाणी घेतलं आणि सोड्यावर ओतलं. वरून वाकून बघितलंही, भिजला का म्हणून.

तो आवाज मी लिहू शकत नाही. आधी पातेल्याचा आणि मग तिचा.

मी तिचं तोंड धरून पाणी टाकलं. बादलीत होतं तेवढं टाकलं. कोणी धावत आलं, कोणी खोबरेल घाला म्हणालं, कोणी दूध. मी नुसतं पाणी, पाणी म्हणत होते. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन. मग ऑटो, वाशीमचा दवाखाना, तिथून अकोला. उजवा डोळा गेला. डावा राहिला. गालावर, गळ्यावर डाग राहिले.

इथपर्यंतचं तुम्ही ऐकलंत तर म्हणाल, लोभ झाला, चूक झाली, माणसाकडून होतं. थांबा. मी अजून सांगितलेलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी विचारलं, चष्मा का नव्हता लावला? सगळे माझ्याकडे बघू लागले. वत्सलाकाकू, दीर, माझा नवरा. शेडमध्ये दुसरी मीच होते ना. तेव्हा खरं बोलता आलं असतं. चष्मा नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मग कोणीतरी विचारलं असतं, का नव्हता? आणि मग ती साडी.

मी म्हटलं, "चष्मा खुटीवर व्हता. मी म्हटलं तिले लाव म्हनून. तिनं लावला नाई."

मान खाली घालून, हळू आवाजात बोलले. नेहमीसारखंच. सगळ्यांनी विश्वास ठेवला.

दीर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "डोये असून आंधयीच व्हती ते. आता झाली खरी."

आणि तरीही मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला मी गावात आले. घरी जायच्या आधी शेडमध्ये गेले. पातेलं तसंच आडवं पडलेलं, जमिनीवर पांढरी खपली. साच्यांच्या ढिगातून तो तुटका चष्मा काढला. पदरानं पुसला. साबण बांधायचा सुतळीचा तुकडा घेऊन इलॅस्टिकच्या जागी घट्ट बांधला, आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवला. मागे सरकून बघितलं, आत येणाऱ्याला दिसतो का म्हणून. दिसत होता.

हेच सांगायचं होतं. साडी नाही, चष्मे नाहीत. ही खुंटी. तेव्हा मी घाबरलेली नव्हते. हात स्थिर होते.

मंगला घरी आली तेव्हा तिच्या डोळ्यावर पट्टी होती. काही दिवसांनी हट्टानं शेडमध्ये आली. मी मागे उभी होते. ती दारातच थांबली, खुंटीकडे मान पूर्ण वळवून बघितलं. आता तिला मान वळवावी लागते. हात वर करून चष्मा चाचपला, सुतळीसुद्धा. मला वाटलं, कळलं हिला. आता बोलेल. खरं सांगते, मला वाटलं, बोल एकदाची.

ती म्हणाली, "इथंच व्हता का वो बाई? मले कसा दिसला नाई! तुमी म्हटलं अशीन, अन् म्याच आयकलं नशीन. माह्या कानात कधी काई शिरते का?"

आणि हसली. अर्ध्या तोंडानं.

मी काय म्हटलं? काहीच नाही. गरीब गाय काही म्हणत नाही.

तेव्हापासून ती तेच सांगते. दुसऱ्या गावांतल्या बायका साबण शिकायला येतात तेव्हा वत्सलाकाकू मंगलाला पुढे बसवतात. ती पदर बाजूला करून गाल दाखवते आणि म्हणते, "चष्मा खुटीवर असून म्या नाई लावला. माही अक्कल पाहा अन् तुमी शिका." बायका चुकचुकतात. दीर अजून भांडणात तेच काढतात, मुलासमोरही काढतात. मुलगा आता शाळेत जायला लागला आहे. परवा ती सुईत दोरा ओवून दे म्हणाली तर तोही म्हणाला, "तुनं चष्मा काहून नाई लावला वं आई?" ती म्हणाली, "चुकलं राजा माहं." मी शेजारी भाकरी थापत होते. थापत राहिले.

तिचा डोळा सोड्यानं घेतला. पण तिची चूक तिला मी दिली. माझी होती, काढून तिच्या ओटीत घातली, आणि ती सांभाळते आहे.

साडी त्या लग्नानंतर नेसले नाही. विकताही आली नाही, फाडताही आली नाही. पेटीत तळाशी आहे. साबणाच्या मजुरीतून मी दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत गेले. चार वर्षं लागली. यंदा पोळ्याच्या आधी मानोऱ्याला गेले, त्याच दुकानात. सगळ्यांसाठी चष्मे घेतले, कोपरापर्यंतचे जाड मोजे घेतले. गटाचे जितके पैसे खाल्ले होते तितक्यांचं सामान आलं.

शेडमध्ये पोतं उघडलं. वत्सलाकाकू म्हणाल्या, "आले का वं बाई एकदाचे! त्या दुकानदाराले देव पाहून घेईन." मी मान हलवली. पुन्हा खोटंच. पुन्हा न बोलता.

वाटप मंगलानं केलं. तिनं मागून घेतलं ते काम. एकेकीच्या मागे उभी राहून ती चष्मा चढवत होती, इलॅस्टिक ओढून बघत होती, केस अडकले तर सोडवत होती, थट्टा करत होती. "काय मोटरसायकलवाली दिसून राह्यली वं तू!" शेवटी माझ्याकडे आली. तिची बोटं माझ्या कानांमागून गेली. तिनं इलॅस्टिक घट्ट केलं, समोर आली, मान वळवून एका डोळ्यानं नीट बघितलं.

"ढिला नका ठेवत जाऊ बाई," म्हणाली. "माह्यासारखं नका करू."

मी हो म्हटलं.

गटाचे पैसे त्या दिवशी फिटले. पूर्ण.