द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या

रविवारी दुपारी पासिर रिस या आमच्या वस्तीत शेजारच्या काकांनी भरलेली द्राक्षाची पाने शिजवताना भांड्यातच फुटली.

काका जहाजावरचे निवृत्त इंजिनिअर. नळ असो वा बरणी, ते सगळे घट्ट आवळतात. आजारपणापासून काकूंना जेवण जात नव्हते आणि डॉक्टरांनी मीठही कमी करायला सांगितले होते. म्हणून काकांनी खारवलेली पाने सकाळभर पाणी बदलत भिजवली, दर वेळी तुकडा चाखून पाहिला. "फायबर आहे यात, लोह आहे," ते मला बजावत होते. मग कच्चे तांदूळ आणि पुदिना भरून त्यांनी अळूवडीसारख्या घट्ट गुंडाळ्या वळल्या. तांदूळ फुगले.

"अहो, बोल्ट आवळलेत की काय?" काकू हसल्या. "आणा इकडे."

फुटलेली गुंडाळी त्यांनी संपवली आणि दुसरी मागितली.